रिकाम्या तोंडाची शीळ

व्हर्जिनियातल्या त्या टेकडीवर संध्याकाळ उतरायची ती आयझमच्या शिळेच्या सुरांवर. स्वयंपाकघर बागेच्या एका टोकाला, मालकांची जेवणाची खोली दुसऱ्या टोकाला, मधे कुंपणझाडांतली लांब वाट. ताट घेऊन निघालेल्या गुलामानं त्या वाटेवर शीळ घालत राहायचं, हा घरचा नियम. शीळ चालू म्हणजे तोंड रिकामं. वाटेत कुणी घास चोरत नाही.

रोज ताट नेणाऱ्या आयझमनं त्या नियमाचं गाणं केलं होतं. रानपाखरं थबकत. पाहुणे म्हणत, तुमची माणसं किती सुखी आहेत!

मालक नव्या देशाचे कायदे घडवणाऱ्यांतले. गुलामी पाप आहे असं भर सभेत सांगायचे, आणि तेही अगदी मनापासून. त्या वसंतात त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं आणि आंदणात आयझमच्या एकुलत्या लेकीला, फीबीला, दूर जॉर्जियाला पाठवायचं ठरलं. आयझम विनवायला गेला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे टिपले, एक दिवस सगळेच सुटतील म्हणाले.

"आणि फीबी, मालक?"

"अरे, जावयाला शब्द देऊन बसलोय मी."

संध्याकाळी हेगर स्वयंपाकिणीनं हॅमचं ताट त्याच्या हाती दिलं. "डोळे पूस, दादा. खारट झालं तर बोलणी मला बसतील."

वाट धुक्यात तरंगत होती. उघड्या खिडकीतून मालकांचा भारदस्त आवाज आला, कुठलाही माणूस दुसऱ्याची मालमत्ता म्हणून जन्मत नाही. पेले किणकिणले. शीळ घालत निघालेल्या आयझमचे ओठ गोलच राहिले, पण सूर फुटेना. शीळ थांबली तसं आतलं बोलणंही थांबलं. तो दारात उभा राहिला, तर सगळ्यांची नजर ताटावर.

"आयझम, शीळ का थांबली?"

"तोंड रिकामंच आहे, मालक. बघा हवं तर."

आणि त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर आ वासला.

मालकांनी मान खाली घातली आणि सुरी उचलून मांस कापायला घेतलं.  फीबीचं जाणं टळलं नाही.

सकाळी फीबीला नेणारी गाडी सफरचंदाच्या मोहोरात दिसेनाशी झाली. मग वळणापलीकडून शीळ आली. बापाचीच, पण कोवळी. आयझमनं उत्तर दिलं. हातात ताट नसताना त्यानं शीळ घातली, ती उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.