विसापूरच्या उतारावरचा कंद

भाद्रपदात पाऊस जरा ओसरतो आणि मावळातले डोंगर फुलांनी भरतात, म्हणून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सहलीसाठी तोच महिना धरला. इंटरचे आम्ही अकरा विद्यार्थी सकाळच्या गाडीने पुण्याहून निघून मळवलीला उतरलो. तिथून भाजे गाव पायी अर्ध्या तासावर आहे. चिखल इतका, की वहाणा हातात घ्याव्या लागल्या. जाणाऱ्यांनी जाड बूट आणि नमुने झाकायला मेणकापड जरूर न्यावे.

मुक्काम देवळात होता. जेवण गावातल्या एका घरी सांगितले होते. तांदळाची भाकरी आणि भारंगीची भाजी. पहिल्या घासाला तोंडे वाकडी झाली, दुसऱ्या सकाळी मात्र ती भाजी मागून घेतली.

वाटाडे म्हणून हसनभाऊ होते. मळवलीत त्यांचे किराण्याचे दुकान. हिरड्याच्या खरेदीसाठी सारा डोंगर त्यांनी पायाखाली घातलेला. झाडाचे शास्त्रीय नाव सर सांगत, गावचे नाव हसनभाऊ. दोन्ही चिठ्ठीवर लिहून ती नमुन्याला बांधणे हे काम माझे, आणि त्याचा मला बराच ताठा होता.

पहिला दिवस विसापूरच्या पायथ्याशी गेला. तेरडा, सोनकी, आणि ओल्या कातळावर किडे पकडणारी एक लालसर, बोटभर वनस्पती. तिच्या केसांवर अडकलेली माशी पाहायला आम्ही सगळे पालथे पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी हसनभाऊंनी करांद्याचा वेल दाखवला. त्याचा कंद लोक शिजवून खातात, असे ते म्हणाले आणि सरांबरोबर पुढे गेले. मी आणि माझा मित्र दत्तू मागे राहून खणू लागलो. वेलांची गुंतागुंत होती. शेजारच्या, फुले गळून गेलेल्या वेलाखालीही एक कंद लागला. सरांना हाक मारायचा मी कंटाळा केला आणि त्यावरही ‘करांदा’ अशी चिठ्ठी बांधली.

दुपारी कातळाच्या आडोशाला काटक्या पेटवून दत्तूने तोच कंद भाजला. एक घास खाऊन तो म्हणाला की फार कडू आहे. करांदा कडूच असायचा, असे मी ठासून सांगितले. माझ्या शब्दावर त्याने दुसरा घास घेतला.

इतक्यात हसनभाऊ परतले. उरलेला तुकडा उचलून त्यांनी विचारले,

“ह्यो कुटनं काढला?”

मी जागा दाखवली.

“ह्यो करांदा न्हाई. कळलावी हाय. लय इखारी. किती खाल्ला?”

त्यांनी मिठाचे पाणी पाजून दत्तूला तिथेच ओकायला लावले. मग घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला उतरवू लागलो. पाऊस परत लागला. खांदे बदलायला मुले पुढे येत होती. मी माझा खांदा सोडला नाही. मळवलीच्या स्टेशनमास्तरांनी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात जागा करून दिली आणि आम्ही लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे पोचलो. तोवर दत्तूच्या पोटात पाणीही ठरत नव्हते.

दवाखान्याच्या ओट्यावर मी सरांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. “शंका असेल तर चिठ्ठी कोरी ठेवायची,” एवढेच म्हणाले आणि आत गेले. तो दिवस आणि पुढचे दोन फार वाईट गेले. चौथ्या दिवशी दत्तूने पेज मागितली.

पुण्याला परतल्यावर आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही खांद्यावर आणलंत, म्हणून माझा मुलगा हाताला लागला.”

मला चहा घेववेना. तो कंद मी काढला, नाव मी लिहिले, आणि दुसरा घासही माझ्यामुळेच, हे मी तिला सांगितले.

मग तिने विचारले, “दत्तूला ठाऊक आहे हे?”

“पहिल्या दिवसापासून,” आतल्या खोलीतून दत्तूच म्हणाला. “तुला सांगितलं असतं तर तू याला घरात घेतलं नसतंस.”

तिने माझ्यापुढचा पेला उचलला आणि आत गेली. आता उठावे, असे वाटून मी टोपी घातली. तेवढ्यात ती बाहेर आली. चहा निवला होता, तो तिने पुन्हा गरम करून आणला होता.