फळीची टकटक

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. कॅनडातल्या विनिपेग सरोवरावर अजून नीट उजाडलेलं नाही, पारा शून्याखाली एकतीसवर. एगर्ट थोरलाक्सन बर्फावरून पुढे चालला आहे आणि त्याच्या पायांखाली, दीड हात जाड बर्फाच्या खालून, एक लाकडी फळीही चालली आहे. मागे भोकापाशी त्याची धाकटी बहीण ग्रोआ दोर ओढते. प्रत्येक हिसक्याला फळीचा लोखंडी दांडा बर्फाला खालून टक्कन आपटतो आणि त्या रेट्याने फळी थोडी पुढे सरकते. पुरेशी लांब गेली की तिच्या बरोबर वर दुसरं भोक पाडायचं, आकड्याने तिला बाहेर काढायचं आणि मागे राहिलेल्या दोराला जाळं बांधून ते बर्फाखालून ओढून घ्यायचं.

बर्फ स्वच्छ असेल तर फळी वरून दिसते. हिम साचलं की तिचा माग कानानेच काढावा लागतो. थोरलाक्सनांकडे हे काम बापानंतर एगर्टकडे आलं. आता तो अडुसष्टचा आहे. ऐकणारा पुढे चालतो, जाळं कुठे पडायचं ते ठरवतो. दोर ओढणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

या हिवाळ्यात एगर्टला टकटक ऐकू येत नाही. हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. फळी बहुधा सरळ जाते, म्हणून तोही सरळ चालतो. मध्येच थांबून मान तिरकी करतो. आजवर निभावलं.

ग्रोआने हात वर केला. दोरावरची खुणेची गाठ भोकाशी आली होती. एगर्टने ड्रिल चालवलं. काळं पाणी वर आलं, फळी नव्हती. थोडं सरकून दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. त्यांच्या कडांवर पाणी लगेच गोठायला लागलं.

ग्रोआ पाय ओढत आली. "काय रे, चाळण करतोयस का सरोवराची?"

"वारा आहे. आवाज लागत नाही."

तिने मागे बर्फावर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीकडे पाहिलं. गाडीतल्या शेगडीचा धूर काठीसारखा सरळ वर चालला होता.

"जा, दोर तू धर. मी ऐकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बघू की."

एगर्टने मागे पहिल्या भोकापाशी जाऊन दोर धरला, थोडा सैल सोडला आणि हिसका दिला. लांबवर ग्रोआ टोपीचे कान वर करून उभी होती. पुन्हा हिसका. ती डावीकडे वळली, बरीच गेली, बर्फाच्या उंचवट्यापाशी थांबली आणि तिथे ड्रिल लावलं. थोड्या वेळाने तिने आकड्याने लाल फळी वर ओढली.

तो पोचला तेव्हा ती फळीवरचा बर्फ खरवडत होती.

"कधीपासून?"

"काय?"

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "कधीपासून बहिरा झालायस?"

"नाताळच्या आधीपासून."

"आणि पायाखाली बर्फ तडकला असता, तर तेही माझ्यापासून लपवणार होतास? आधी तू गेला असतास, आणि तुला काढायला मी."

 एगर्टच्या पापण्यांवर बर्फ धरला होता. तो त्याने हातमोज्याने पुसला.

"म्हणजे आता घरी बसवणार मला?"

"घरी बसून काय करशील? रेडिओ ऐकशील?" ती फिसकन हसली, तो हसला नाही. "दोर ओढ. तूच म्हणायचास ना, दोर काय, गाढवही ओढेल."

"तुला म्हणायचो ते."

"तेच तर."

जाळं टाकून होईपर्यंत दुपार टळली. परतताना गाडी ग्रोआने चालवली. वाटेत एक भेग लागते, तिथे इंजिन बंद करून बर्फ तडकतोय का ते ऐकावं लागतं. ती ऐकत असताना एगर्ट तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

उद्या सकाळी आठला भेगेच्या उत्तरेला दुसरं जाळं टाकायचं आहे. पुढे ग्रोआ चालेल, दोर एगर्ट ओढेल.