चहाघरातली टकटक

आई-बाबा आर्णीहून पहिल्यांदाच माझ्याकडे हाँगकाँगला आले, तेव्हा दुसऱ्याच सकाळी मी त्यांना एका जुन्या चहाघरात नेलं. तिथे चहासोबत वाफवलेले पदार्थ बांबूच्या छोट्या टोपल्यांतून येतात. त्यालाच डिम सम म्हणतात. गर्दी असल्यामुळे आम्हाला पेपर वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या टेबलावर जागा मिळाली.

कप आधी गरम चहाने विसळायचे, ही तिथली रीत मी सांगितली. आईला ती इतकी पटली की आमचे कप झाल्यावर तिने ओघात त्या म्हाताऱ्याचाही कप उचलून विसळला. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि निमूटपणे आपल्या जेवायच्या काड्याही पुढे सरकवल्या.

मग आईने त्याला चहा ओतला. त्याने दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं.

"अजून पाह्यजे त्यायले," म्हणत आईने आणखी ओतला. पुन्हा टकटक. पुन्हा धार. चहा कपाबाहेर गेला.

"काहून हसून राह्यला बे?" बाबांनी मला विचारलं.

"अहो, टकटक म्हणजे आभार मानताहेत ते!"

"मंग पह्यले कायले नाही सांगतलं?" आई माझ्यावर उखडली. तोवर म्हातारा आपला भिजलेला पेपर झटकत हसत सुटला होता.

आता बाबांची पाळी. "मले सगळं चालते," म्हणत त्यांनी टेबलांमधून फिरणाऱ्या ढकलगाडीवरची एक टोपली स्वतःच निवडली. झाकण उघडलं तर आत कोंबडीचे पंजे, नखं तेवढी काढलेली. बाबा शाळेत मुख्याध्यापक होते. डब्यातलं काही टाकू नका, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना बजावलेलं.

"खा आता, गुरुजी," शाकाहारी आई म्हणाली.

म्हाताऱ्याने एक पंजा तोंडात घालून चोखून दाखवला, हाडं बशीत काढली. बाबांनी डोळे मिटून तसंच केलं. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा उचलला. तिसरा उचलताना ते आमच्याकडे बघत नव्हते.

नंतर दोघे बोलत बसले, एक कँटनीजमध्ये, एक वऱ्हाडीत.

"काय म्हणते तो?" आईने विचारलं.

"गुडघा दुखते त्याचा," बाबा ठामपणे म्हणाले.

मी चार वर्षं तिथली कँटनीज भाषा शिकतोय. म्हातारा त्याच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल सांगत होता. पण गुरुजींची चूक कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी सहालाच बाबा बूट घालून तयार. खिशात गुडघ्याच्या तेलाची बाटली. "चाल लवकर, वाट पाहून राह्यला असंन तो."

आणि तो खरंच वाट पाहत होता. सोबत बायकोलाही घेऊन आला होता. दोन खुर्च्यांवर पेपर टाकून त्याने आई-बाबांसाठी जागा धरून ठेवली होती. मला मात्र शेजारच्या टेबलावर अनोळखी लोकांत बसावं लागलं.