दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला सातवा महिना होता, आणि आमच्या कंपनीने इच्छापोरच्या एका कापड कारखान्याचं नेटवर्कचं काम घेतलं होतं. भेस्तानच्या घरून रिक्षा बदलत तिथे पोचेपर्यंतच माझे पाय भरून यायचे. दिवस तिथून पुढे सुरू व्हायचा.

कारखान्यातला एकुलता एक सर्व्हर दुपारी गुदमरायचा, कारण ऑफिस आणि गोडाऊन एकदमच मालाची चलनं काढायला बसत. म्हणून आम्ही दुसरा सर्व्हर आणला आणि दोन्हींच्या पुढे एक यंत्र बसवलं, आलेलं काम दोघांत वाटून देणारं. ऑफिस आणि गोडाऊन एकाच स्विचवर, म्हणजे तारा जोडायच्या एकाच डब्यावर होते, पण आतून त्यांची दोन वेगळी नेटवर्क पाडलेली. तारा त्याच, वाटा निराळ्या. ही विद्या आम्हा दोघांनाही नवी होती.

दोघं म्हणजे मी आणि माझे सीनियर, धुळ्याचे. मी त्यांना सर म्हणायचे. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून ते मला वाकू द्यायचे नाहीत, काही उचलू द्यायचे नाहीत. चांगलेच होते ते. पण त्या काळजीचाही कधीकधी वीट यायचा.

सकाळी सगळं चालू केलं आणि निम्म्या लोकांच्या कॉम्प्युटरचे पडदे गोठले. एकाचं चलन निघे, शेजारच्याचं अडकून बसे. बाहेर माल भरलेले ट्रक उभे होते, डिस्पॅचची माणसं दारात येऊन आवाज चढवत होती.

“सर, नव्या सर्व्हरच्या सेटिंग बघू का?”

“त्या मी स्वतः टाकल्यात. तुम्ही बसा हो, पाय वर घ्या.”

मी बसले. त्यांनी केबल बदलल्या, कार्ड बदललं, स्विच बंद करून पुन्हा चालू केला. दुपारी मॅनेजर आले. त्यांचाही घसा ओरडून बसला होता.

“साहेब, बस हवे. जूनुं चालू करी दो.”

त्यांनीच पुरे म्हटल्यावर जुना सर्व्हर एकटाच पुन्हा कामाला लागला. सर भिंतीला टेकून फरशीवरच बसले. म्हणाले, “बघा तुम्ही.”

फार शोधावं लागलं नाही. नवा सर्व्हर आपलं उत्तर वाटप करणाऱ्या यंत्राकडे न देता जुन्या राउटरवरून परस्पर पाठवत होता. विचारलं एकाला आणि उत्तर आलं भलत्याकडूनच, असं समोरच्या कॉम्प्युटरला वाटे. तो ते टाकून देई. उत्तर कुणाकडे द्यायचं, तो जुन्या सर्व्हरमधला पत्ता आम्ही बदलला होता. नव्यातला राहिला होता.

“जुन्याची आधीची नक्कलच यात उतरवली मी,” सर म्हणाले. “आणि तुम्हाला सकाळपासून बसवून ठेवलं.”

‘चालायचंच’ म्हणायला हवं होतं. मला राग आला होता, आणि रागावण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. मी पत्ता बदलला.

संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर आम्ही पुन्हा जोडून पाहिलं. ऑफिसमधून चालत होतं, गोडाऊनमधूनही. मॅनेजरांना बोलावून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, मग मान हलवली.

“बेन, हमणां नहीं. दिवाळी पछी जोईशुं.”

दिवाळीनंतर बघू म्हटल्यावर सरांनी वादही घातला नाही. जोडलेलं सगळं आम्ही पुन्हा काढलं, खोक्यांत भरलं. खोकी त्यांनी एकट्यानेच उचलली. मग रस्त्यावर येऊन माझ्यासाठी रिक्षा थांबवली आणि हळू चालव म्हणून रिक्षावाल्याला दोनदा बजावलं.

मुलगी झाली तेव्हा मी रजेवर होते. एका दुपारी शेजारच्यांनी हाक मारली, त्यांच्याकडे माझ्यासाठी फोन आला होता. सर होते. त्यांनी एकट्याने कारखान्यात जाऊन सगळं पुन्हा बसवलं होतं.

“चाललं,” ते म्हणाले.

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे. पहिल्याच फटक्यात.”

मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. “बरं झालं, सर,” म्हटलं. आमच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. मी फोन ठेवला, जाऊन तिला जवळ घेतलं आणि ती झोपायच्या आधी मलाच झोप लागली.