चौदा होड्यांची यादी

कोणाचाही कोड वाचायला बसले की भाई चष्मा कपाळावर चढवायचे. पहिला प्रश्न ठरलेला: "आधी सांगून ठेवलंस मां गो?"

मालवणातल्या आमच्या चार माणसांच्या ऑफिसात पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा येणारे ते एकटेच. मला शिकवलं त्यांनीच. आपण लिहिलेलं फंक्शनही पर्लच्या स्वतःच्या सॉर्टसारखं, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या आज्ञेसारखं, वापरता येतं. फक्त नावापुढच्या कंसात दोन खुणा आधी लिहून ठेवायच्या, पहिली नियमासाठी, दुसरी यादीसाठी. "घरात सांगून ठेव कोण येतला," ते म्हणायचे, "मगे पानां बरोबर पडतत." असा गुरू तुम्हालाही भेटला असेल, तर मी किती विसंबले होते ते वेगळं सांगायला नको.

मी असं एक फंक्शन लिहिलं, देवबागच्या होडीवाल्यांसाठी. पर्यटकांना फिरवायला कोणाची होडी आधी, हे तिथे रोज चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि रोज भांडण होतं. माझं फंक्शन काल मागे राहिलेल्याला आज पुढे आणायचं. चौदा होड्यांत एक माझ्या वडिलांची. मुलगी बापालाच पुढे काढणार, ही कुजबुज होतीच, म्हणून मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

पहिल्या सकाळी जेटीवर भाईंनी यादी छापली. कागदावर एकच आकडा: १४.

"चौदा? ही कोणाची होडी रे?" कोणीतरी ओरडलं आणि सगळी जेटी हसली. भाई माझ्याकडे बोट करून चष्मा पुसत म्हणाले, "चेडवाचा काम आसा ता. माका काय ठावक?" लगेच चिठ्ठ्या निघाल्या. वडील माझ्याकडे न बघता होडीकडे गेले.

ऑफिसात येऊन मी कोडमधल्या बदलांच्या नोंदी उघडल्या. आदल्या संध्याकाळी भाईंनी माझ्या कंसातली यादीची खूण काढून एकाच वस्तूची खूण घातली होती. त्यामुळे पर्लने चौदा नावं घेतलीच नाहीत, नुसती मोजली. आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, सांगून ठेवण्याचा धडा देणाऱ्या माणसाने!

विचारलं तर हळूच म्हणाले, "दुसऱ्या कामाक करून बघत होतंय, परत बदलूक इसारलंय. तू ल्हान आसस गो, तुका लोक माफ करतत. माझी लाज गेली असती."

चूक कोणाचीही होते. पण त्यांनी मला पुढे ढकललं, ते अजून सलतं. तरी मी गप्प राहिले. ते स्वतः देवबागला जाऊन खरं सांगतील, या आशेवर दोन हंगाम काढले.

यंदा ते गोव्याला मुलीकडे कायमचे राहायला गेले. त्या संध्याकाळी वडील होडीला रंग देत होते.

"भाई गेले मां?" त्यांनी विचारलं. "बरो माणूस. तुझी एवढी चूक पोटात घातल्यान."