फाटकाचा उरलेला रंग

गाडी बायकोची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण देवळीतले लोक अजूनही मलाच विचारतात, "गुरुजी, गाडी कशी चालून राह्यली?" मला गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला बसलो, घराच्या कंपाउंडची भिंत पाडली आणि त्या भानगडीतून कायमचा बाहेर पडलो. माझी मोटारसायकल बरी.

बायको जवळच्या खेड्यात उपकेंद्रावर नर्स आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर तिनं ही छोटी सेकंडहँड गाडी घेतली आणि महिन्याभरात शिकली. दर शनिवारी काम आटोपून ती एकटी आर्वीला जायची, मोठ्या बहिणीकडे. बहीण एकटीच राहते आणि तिला आता नीट दिसत नाही. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून द्यायच्या, दोघींनी पोटभर गप्पा मारायच्या आणि रविवारी परत. आर्वीला पोचली की मला फोन यायचा. "पोचली," एवढंच म्हणायची. मी "बरं" म्हणायचो आणि चहा मांडायचो.

मे महिन्यात मोठं वादळ आलं आणि समोरच्या कडुनिंबाची जाडजूड फांदी दारातल्या गाडीवर कोसळली. छप्पर सीटला टेकलं, बॉनेट मधोमध वाकलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले आणि म्हणाला, "टोटल लॉस." म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. रस्ते दोन होते. गाडी सोडून द्यायची, नोंदणी रद्द करायची, विषय संपला. किंवा थोडे पैसे कमी घेऊन मोडकी गाडी आपल्याकडे ठेवायची आणि स्वतःच्या हिमतीवर रस्त्यावर आणायची. पण मग आधी दुरुस्ती, नंतर नवा विमा, आणि गाडीला पंधरा वर्षं होत आल्यामुळे वर्ध्याच्या आरटीओत तपासणी. त्यात ती पास झाली नाही तर केलेलं सगळं पाण्यात.

मी म्हटलं, सोडून देऊ. बायको फॉर्म भरत होती, तिनं मान वर केली नाही.

"दुसरी घेऊ ना," मी म्हणालो.

"दुसरी घ्याले दोन वर्षं लावसान तुम्ही. तवरीक ताईच्या गोळ्या कोन भरन?"

आमच्या इथला म्हातारा डेंटर गाडीभोवती तीन चकरा मारून आला. बोटाच्या पेरांनी प्रत्येक पत्र्यावर टकटक करून, कान लावून ऐकलं. डॉक्टरच्या निदानाची वाट पाहावी तसा मी बाजूला उभा. शेवटी म्हणाला, "सांगाडा सिधा हाये, गुरुजी. पन घाई नोका करू." छप्पर त्यानं नागपूरच्या भंगार बाजारातून रीतसर पावती घेऊन आणलं. बाकीचं सगळं हातोडीनं ठोकून सरळ केलं. सरळ होण्यासारखा पत्रा बदलणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

त्याला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी बायकोला रोज सकाळी मोटारसायकलवर उपकेंद्रात सोडायचो आणि संध्याकाळी घेऊन यायचो. आर्वी मात्र सुटली. तिच्या पाठीला मोटारसायकलवर इतका लांबचा प्रवास सोसत नाही आणि एसटी बदलत जायचं तर अर्धा दिवस तिथंच जातो. ती एकदाच जाऊन आली. बाकीच्या शनिवारी फोनवर बहिणीला पाकिटाचे रंग सांगत बसायची, लाल सकाळी, पांढरी रात्री. मला तिची कीव यायची. पण खरं सांगतो, ती मागच्या सीटवर बसून माझ्या खांद्यावर हात ठेवायची ते मला फार आवडत होतं. लग्नानंतरचे दिवस परत आल्यासारखं वाटायचं. हे मी तिला बोललो नाही, कारण लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये गाडी तयार झाली. विम्याचा माणूस तपासून गेला, नवी पॉलिसी आली. राहिली आरटीओची तपासणी.

आता माझी गोष्ट अशी की मी जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर म्हणून रिटायर झालो. तपासणी हा शब्द ऐकला की माझे हात शिवशिवतात. साहेब यायचे तर झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, फाटकाला काळा रंग, हे मी उभ्या नोकरीत केलं. तपासणीच्या चार दिवस आधी मी बॉनेट उघडून पाहिलं. बाहेरून गाडी झकास, आणि आत इंजिनच्या मागचा पत्रा ठिकठिकाणी गंजलेला. साहेबानं बॉनेट उघडलं आणि हे दिसलं तर? घरात फाटकाचा उरलेला काळा रंग होता. बायको ड्युटीवर गेली होती. मी ब्रश घेतला आणि पत्र्याला दोन हात दिले, चांगले जाड. आतली बाजू अशी चमकली की मीच खूश झालो.

वर्ध्याला गाडी तिनंच चालवत नेली. इन्स्पेक्टर तरुण होता, सौम्य. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, तिला एक फेरी मारायला लावली. मग बॉनेट उघडलं, आरसी हातात धरली आणि वाकला.

"चेसिस नंबर कुठं आहे?"

नंबर त्याच पत्र्यावर कोरलेला होता. त्याच्यावर माझे दोन हात.

"रंग कुणी दिला?" त्याचा आवाज बदलला. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच झाकतात म्हणे. नंबर जुळला नाही तर गाडी पास होणार नाही, पुढची चौकशी वेगळी, असं त्यानं सरळ सांगितलं.

"मी दिला, साहेब," मी म्हणालो. "तपासणी होती म्हणून."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मुद्दाम तं नाई ना झाकला?"

"नाही गं," मी म्हटलं. खरंच मुद्दाम नव्हतं. पण मोटारसायकलची मागची सीट डोळ्यांसमोर आली आणि माझा चेहरा नक्कीच चोरासारखा झाला असेल.

इन्स्पेक्टर म्हणाला, "लोखंडानं खरवडायचं नाही, माझ्यासमोर थिनरनं पुसा." मी धावत हार्डवेअरच्या दुकानातून बाटली आणली. बायकोनं तिच्या पिशवीतला कापूस काढला, पदर खोचला आणि पुसायला लागली. हलक्या हातानं, लहान पोराची जखम साफ करावी तसं. कापूस काळा होत गेला. चार दिवसांचाच रंग होता म्हणून निघाला. आधी एक अक्षर दिसलं, मग आकडे. एक आकडा तीन की आठ कळेना. तिनं डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

"आठ," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरनं टॉर्च मारून पाहिलं. मग कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, आरसीशी एकेक आकडा जुळवला. आठच होता. त्यानं सही केली.

शनिवार होता. ऑफिसातून बाहेर पडल्यावर बायकोनं मला वर्ध्याच्या एसटी स्टँडवर उतरवलं.

"तुम्ही देवळीची गाडी पकडा. मी आर्वीले जातो," ती म्हणाली. "जेवन झाकून ठेवलं हाये. त्याले रंग नोका देऊ."

मी एवढा हसलो की शेजारचा फळवालाही हसायला लागला. ती वळली आणि आर्वीच्या रस्त्याला लागली. हातातली अर्धी थिनरची बाटली सांभाळत मी देवळीच्या एसटीत बसलो.

घरी येऊन जेवलो. मोटारसायकल अंगणात उभी होती, तिची मागची सीट तीन महिन्यांत चांगली गुळगुळीत झाली होती. थोडं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. मग फोन वाजला.

"पोचली."

मागून तिची बहीण काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. हा एक शब्द मी तीन महिन्यांत एकदाच ऐकला होता आणि त्याची मला किती सवय होती ते तेव्हा कळलं.

"बरं," मी म्हटलं आणि चहा मांडला.