अनघाताईंचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधीच सांगून टाकते. सहा वर्षं झाली. आज लिहायला बसले, तरी बघा ना, हात दुसरीकडेच जातोय.

आधी मी कोण ते सांगते. मी आठवीतून शाळा सोडली. कराडला एका मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस दाखवायला उभी राहिले, ती लग्न होईपर्यंत. मग नवऱ्याच्या शिपयार्डातल्या नोकरीमागे सिंगापूरला आले. यिशुनच्या फ्लॅटमध्ये, मुलगी शाळेत गेली की दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचं. इथे मराठी बायका भेटल्या की पहिला प्रश्न — तुम्ही काय करता? दुसरा — शिक्षण काय? मी विषय पोह्यांवर न्यायचे.

केतकीताईंनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. त्या पुण्याच्या, इंजिनियर. चांगली नोकरी सोडून त्यांनी परदेशातल्या मुलांसाठी ऑनलाइन मराठी वर्ग काढले होते. महिन्याची वर्गणी, कार्डातून आपोआप जाणारी. सुरू करायला एक बटण. बंद करायला मात्र बटण नव्हतं, फोन करावा लागे. तो फोन मी उचलायचा. "मालनताई, तुमचं बोलणं किती गोड आहे, हे तुम्हीच करा," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला रडूच आलं. हेडफोन, खुर्ची, माझ्या नावाचा ईमेल. माझ्यासारखीला कोण देतं हो हे?

निघालेल्या माणसाला कसं थांबवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. येतच होतं. दुकानात आमचे शेठ म्हणायचे, बाईसमोर इतकं कापड उलगडा की तिला उठायची लाज वाटली पाहिजे. तेच मी फोनवर केलं. "बाळाला द्या ना फोन, मावशीला एक श्लोक म्हणून दाखवू दे." मूल काहीतरी बोबडं म्हणायचं, मी "अगं बाई, किती गोड!" म्हणायचे — आणि मग आई कुठल्या तोंडाने बंद करा म्हणणार? आपल्या माणसांना भीड फार. "बघू मग," म्हणायच्या. 'बघू' आलं की मी कॉम्प्युटरवर 'तीन महिने थांबवा' दाबायचे. तीन महिन्यांनी वर्गणी आपोआप पुन्हा सुरू. पुष्कळांच्या ते लक्षातही यायचं नाही.

शुक्रवारच्या मीटिंगला केतकीताई वाचून दाखवायच्या, कुणाच्या फोनवरून किती जण सोडून गेले. माझ्या नावापुढे बहुतेकदा कुणीच नसे. "शिका जरा मालनताईंकडून," त्या एमबीए झालेल्या मुलींना म्हणायच्या. एमबीए झालेल्या मुलींना! हे वाक्य ऐकायला मी काय नसतं केलं?

येते मुद्द्यावर. भीती वाटतेय, म्हणून लांबण लावतेय.

अनघाताई सेंगकांगच्या. त्यांचा ईशान आठ वर्षांचा, बोलताना अडखळायचा. वर्गात स्क्रीनवरची बाकीची मुलं त्याला हसली होती. आता शनिवार उजाडला की तो बाथरूमची कडी लावून बसतो, असं त्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "वर्ग बंद करा." 'बघू' नाही. भीड नाही, काही नाही. मला तिथेच कळायला हवं होतं, नाही का? कळलंच होतं. पण तोंडाला सवय —

"ईशानला द्या ना फोन."

त्यांनी तरी का दिला? माझ्या आवाजात माया असते म्हणून असेल. मी त्याला म्हटलं, मावशीला शुभंकरोती म्हणून दाखव. तो पहिल्याच अक्षराला अडकला. आणि मी गप्प बसले नाही. "म्हण, म्हण, शाब्बास" — एकावर एक पीस उलगडत राहिले. मग नुसता श्वासाचा आवाज. मग एकदम, न अडखळता, इथल्या मुलांच्या इंग्रजीत — "डोन्ट वॉन्ट लाह!"

फोन आईच्या हातात गेला. "ऐकलंत? आता तरी बंद करा."

"केलं हं ताई," मी म्हणाले. आणि 'तीन महिने थांबवा' दाबलं. त्या दिवशी गुरुवार होता.

तीन महिन्यांनी पैसे गेले. पण पैशांचं सोडा. दर शनिवारी सकाळी ईशानच्या टॅबलेटवर ढोल वाजवत निरोप जायला लागला — 'ईशान, चल, वर्ग सुरू होतोय!' त्या पोराने ते कसं ऐकलं असेल? अनघाताईंनी तीन ईमेल पाठवले. तिन्ही माझ्याकडेच आले. 'कार्यवाही चालू आहे,' मी लिहिलं. खरंच बंद करायला गेले असते तर आधी काय दाबलं होतं तेही दिसलं असतं ना.

मग त्यांनी इथल्या ग्राहक संस्थेकडे रीतसर तक्रार केली.

वकिलांनी केतकीताईंना सांगितलं, लोकांना मर्जीविरुद्ध अडकवून ठेवता हे एकदा सिद्ध झालं तर बाकीचेही उभे राहतील, कार्डवाले सेवा काढून घेतील, धंदा बसेल. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. चेहरा उतरलेला. "मालनताई, त्या बंद करा म्हणाल्या होत्या का? म्हणाल्या असतील तर मी आत्ता त्यांच्या घरी जाऊन माफी मागते. तुम्ही सांगाल तेच मी तक्रारीच्या उत्तरात लिहीन."

दार इतकं उघडं होतं. फोनचं रेकॉर्डिंग माझ्याच ताब्यात असे. ते मी त्याच सकाळी पुसलं होतं.

"नाही ताई. थांबवा म्हणाल्या."

पत्र गेलं. अनघाताईंच्या हातात पुरावा काय? फोनवर बोललेले शब्द. तक्रार बारगळली. इथल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'फी बुडवायला पोराचं दुखणं पुढे करतात काही जणी.' खाली हसरे चेहरे. मी हसरा चेहरा टाकला नाही — जणू ते फार मोठं काही. अनघाताई ग्रुप सोडून गेल्या. त्या वर्षी गणपतीलाही आल्या नाहीत, असं कानावर आलं.

केतकीताईंनी पुढे आपणहून बंद करायचं बटण दिलं. धंदा टिकला. वर्धापनदिनाला त्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं, "मालनताई होत्या म्हणून वाचलो," म्हणाल्या. टाळ्या झाल्या. इथल्या उकाड्यात शाल कोण पांघरतं? ती प्लॅस्टिकमध्येच आहे; का वापरत नाही, असं उकाड्यामुळे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या रांगेत माझ्यापुढे एक उंच मुलगा होता, ओठांवर कोवळी लव. पदार्थाचं नाव सांगताना अडकला. शेजारून त्याची आई हळूच म्हणाली, "ईशान, सावकाश." स्टॉलवरचे अंकल डाव हातात धरून उभे राहिले. म्हण म्हणाले नाहीत. शाब्बास म्हणाले नाहीत. थांबले. त्याने त्याचं तो पुरं केलं.

अनघाताईंनी मला कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून हसल्या. "मराठी ना? या, तुम्ही पुढे व्हा, आम्हाला अजून बरंच घ्यायचंय, वेळ लागेल."

तोंड उघडलं असतं तर त्यांनी आवाज ओळखला असता. मी मान हलवली आणि रांगेतून बाहेर पडले.

केतकीताईंना मी अजून काही बोललेले नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते.

हो. त्या 'बंद करा' म्हणाल्या होत्या. दोनदा.